पायाला बूट आधी, बोर्ड मग

मागच्या अंकात मी गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला गेले होते त्याच्यावर अर्धं पान लिहिलं, आणि मनात म्हटलं की आपल्याकडे ४५ डिग्रीच्या उन्हात बर्फाचं कोण वाचते बाप्पा. तर पत्रं आली, तीही बहुतेक पोरींची. त्यातली चार इथे घेतली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी, दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधलेले, हातात काठ्याबिठ्या काही नाही, आणि फळीच्या लोखंडी कडेवर तोल सांभाळत उतारावरून खाली यायचं.

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातली, सध्या नागपूरला नोकरी करते. दोन वेळा गुलमर्गला जाऊन आली, बेसिक कोर्स केला, आता दोन्ही बाजूंनी वळता येते. पण भाड्याचा बोर्ड दर वेळी वेगळाच हाती येते, म्हणून स्वतःचा घ्यायचा विचार करून राहिली. मला एकच बोर्ड पाहिजे, साफ केलेल्या उतारावर पण चालला पाहिजे, ताज्या बर्फात पण, आणि एखादी छोटी उडी मारली तर त्यातही. नेटवर पाहिलं तं डोकंच फिरलं, कॅम्बर काय, रॉकर काय, फ्लेक्स काय. उंची ५ फूट ३ इंच, वजन ५८ किलो. बजेट जास्त नाही. कोणता घेऊ?

उत्तर : पहिले हे सांग, तुझ्याजवळ बूट आहेत का? एवढं लांब पत्र लिहिलं, उंची लिहिली, वजन लिहिलं आणि बुटाचं नावच नाही. रागवू नको, मी पण हेच केलं होतं. माझ्या दुसऱ्या ट्रिपला एका भाड्याच्या दुकानात माझ्या मापाचे बूट संपले होते, दुकानदार म्हणे दोन मोजे घाला म्हणजे झालं, आणि मी शहाणीनं घातले. दिवसभर बोर्डला शिव्या दिल्या. मला टाचेवरून बोटांवर यायचं होतं, पण टाच आतल्या आत दीड बोट उचलायची, मग बूट हलायचा आणि त्याच्यानंतर कुठे बोर्डला खबर लागायची की बाईंना वळायचं आहे. संध्याकाळी माकडहाड धरून बसले तेव्हा समजलं की गुन्हा बोर्डचा नव्हताच.

म्हणून पैसे पहिले बुटात टाक. चपलेचा नंबर विसरून जा. जमिनीवर कागद ठेव, टाच भिंतीला टेकव, सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिलीनं रेघ मार आणि सेंटिमीटर मोज, दोन्ही पायांचं, कारण दोन्ही पाय सारखे नसतातच. स्नोबोर्डच्या बुटांवर माँडो नावाचं माप असते ते हेच, पाय २४.५ सेंटिमीटर तर माँडो २४.५. बूट घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जराशी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच अजिबात उचलली नाही पाहिजे. मोजा एकच, पातळ. नवीन बूट थोडे आवळतातच, आतलं अस्तर आठ-दहा दिवसांत पायाच्या आकारानं दबते, म्हणून दुकानात गादीसारखे मऊ वाटणारे बूट पुढच्या सीझनला ढिले होतात. लेस घ्यायची की बोआ, म्हणजे ती चकती फिरवून तार आवळायची सिस्टीम, हे तुझ्या आवडीवर. मला थंडीत बोटं बधिर झाल्यावर चकती बरी वाटते.

आता बोर्ड. ऑल-माउंटन म्हणजे आपल्या गावातली जुनी कमांडर जीप समज. शेतात जाते, बाजारात जाते, वरातीत जाते, पेशंट घेऊन यवतमाळला पण जाते, पण म्हणून ती काही रेसची गाडी नाही आणि ट्रॅक्टरही नाही. सगळीकडे चालणाऱ्या बोर्डचं तसंच असते, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं सोडून द्यावं लागते, आणि काय सोडायचं हे ठरवलं की अर्धी निवड झाली.

सगळ्यात जास्त फरक पडते तो प्रोफाइलनं. बोर्ड फरशीवर ठेव आणि खाली वाकून बाजूनं पाहा. मधला भाग कमानीसारखा उचललेला असला, खालून एखादी वही सरकेल इतका, तर तो कॅम्बर. तू वर उभी राहिली की कमान दबते आणि कड आपल्या पूर्ण लांबीनं बर्फात रुतते. कडक बर्फावर पकड जबरदस्त आणि उडीला उसळी पण चांगली, फक्त चूक माफ करत नाही, उताराच्या बाजूची कड जराशी लागली की आपटलीच समज. रॉकर याच्या उलट, पाळण्याखालच्या वाकड्या लाकडासारखा, मधात टेकलेला आणि दोन्ही टोकं उचललेली. ताज्या बर्फात तोंड आपोआप वर राहते, वळायला सोपा, पण सकाळी रात्रीच्या थंडीनं गोठलेल्या उतारावर साबणाच्या वडीवर उभं राहिल्यासारखं होते. या दोघांच्या मधातले ते हायब्रिड. त्यातही प्रकार आहेत, काहींत पायाखाली कॅम्बर आणि टोकांकडे रॉकर, काहींत दोन पायांच्या मधात रॉकर आणि पायाखाली कॅम्बर. तुला पहिला प्रकार चालेल असं माझं मत. कोर्सवाल्या गुळगुळीत उतारावरून तू आत्ताच बाहेर पडून राहिली, तर पकड पण पाहिजे आणि माफी पण पाहिजे.

आकाराचं थोडक्यात. दोन्ही टोकं हुबेहूब सारखी असली तर ट्विन, उलटं चालायला आणि उड्यांना बरा. पुढचं तोंड लांब आणि पाय बांधायची जागा जराशी मागे असली तर डायरेक्शनल, तो पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, बुडत नाही. या दोघांच्या मधला डायरेक्शनल ट्विन, आणि गुलमर्गला जाणार असशील तर मी तोच घेईन. कारण तिथे खालचे शिकायचे उतार सोडले तर खरा माल ताजा बर्फच आहे. गुलमर्ग २,६५० मीटरवर, तिथल्या रोपवेचा, म्हणजे गोंडोलाचा, पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत आणि दुसरा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साडेतीन हजार मीटरच्या पुष्कळ वर. वर बहुतेक उतार मशीननं दाबलेला नाही. आणि ऐक, वर हिमस्खलन होते, माणसं गेली आहेत. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस सिग्नलवरून शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि तिथला गाइड नसताना वर जायचं नाही. बोर्ड कितीही भारी असला तरी बर्फाचा कडा तुटला की तो काही विचारत नाही कोणत्या कंपनीचा म्हणून.

फ्लेक्स म्हणजे कडकपणा, कंपन्या १ ते १० असा आकडा देतात. तुला ४ किंवा ५. पण एका कंपनीचा ५ दुसरीच्या ६ इतका कडक निघू शकते, सगळ्यांचा एकच काटा नाही, त्यामुळे आकड्यावर भांडत बसू नको.

लांबी. जुने लोक सांगतात की बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाकाच्या मधात आला पाहिजे. अंदाजापुरतं ठीक आहे, पण फळीला उंची कळत नाही, तिला वजन कळते. तुझ्या ५८ किलोला १४५ ते १४८ सेंटिमीटर. ताज्या बर्फात जास्त जायचं तर वरचा आकडा, उड्या आणि झटपट वळणं जास्त आवडत असली तर खालचा. प्रत्येक बोर्डच्या तक्त्यात वजनाची रेंज दिलेली असते, त्यात तू मधात बसली पाहिजे, काठावर नाही.

रुंदी कोणी पाहतच नाही. बोर्डची कंबर, म्हणजे मधातली सगळ्यात अरुंद जागा, बुटापेक्षा जराशी अरुंदच असते, बूट दोन्हीकडून सेंटिमीटरभर बाहेर आला तर हरकत नाही, उलट त्याच्यानं कडेवर जोर येते. पण जास्त बाहेर आला तर वळताना बुटाचं टोक बर्फात घासते आणि तू तोंडावर. तुझा पाय २४-२५ निघाला तर कंबर साधारण २४ सेंटिमीटरची बस झाली.

नावं विचारशील म्हणून सांगते, पण कंपन्या दर वर्षी थोडं इकडचं तिकडं करतात, तर घेताना त्या वर्षाचा तक्ता पाहून घे. सॅलोमनचा लोटस मऊ आणि त्यातल्या त्यात स्वस्त, पण तो नवशिक्यांसाठी आहे, तू दोन ट्रिपमध्ये त्याच्या पुढे जाशील. कॅपिटाचा बर्ड्स ऑफ अ फेदर हायब्रिड ट्विन, मधला कडकपणा, तुझ्यासारखीला बराच जवळचा. जोन्सचा ड्रीम वीव्हर डायरेक्शनल, पावडरकडे झुकलेला. जीएनयूचा लेडीज चॉइस दुसऱ्या प्रकारचा हायब्रिड, त्याची कड नागमोडी असते, कडक बर्फात करवतीसारखी धरते. बर्टनचा फीलगुड कॅम्बरमध्ये येते, भारीच आहे, पण तो दोन वर्षांनी घे. बर्टन घेतला तर बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधायचे पट्टे, ते पण पाहून घे, त्यांच्या बऱ्याच बोर्डला भोकांच्या ऐवजी मधात एक लांब खाच असते, चॅनल म्हणतात, आणि बाकीच्या कंपन्यांची सगळीच बाइंडिंग तिच्यावर बसत नाहीत.

अमेरिकेत असे बोर्ड साधारण ४०० ते ६५० डॉलरच्या मधात जातात, बाइंडिंग वेगळी, बूट वेगळे, आणि इकडे मागवलं तर कस्टम वेगळं. म्हणून बजेट जास्त नाही म्हणालीस त्याच्यावर माझं सरळ उत्तर. या सीझनला फक्त बूट घे, ते ट्रेनमध्ये बॅगेला बांधून नेता येतात. बोर्ड भाड्यानं घे, पण या वेळी डोळे उघडे ठेवून, रोज संध्याकाळी मोबाइलमध्ये लिही, लांबी किती, वाकून पाहिलं तर कमान कशी, सकाळच्या कडक बर्फात कसा वागला, दुपारी कसा. तीन बोर्ड झाले की तुला मला विचारायची गरजच पडणार नाही. मग मार्च-एप्रिलमध्ये जुन्या वर्षाचा माल उतरत्या किमतीत निघते तेव्हा घे. रंग आवडला नाही तरी घे.

प्रश्न : आमची वरूडजवळ संत्र्याची बाग आहे. मुलगी १४ वर्षांची, शाळेच्या ट्रिपसोबत मनालीला गेली, तिथे एक दिवस स्नोबोर्ड केला, आणि आल्यापासून बोर्ड पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेतलं. माझे भाऊ म्हणतात हा पोरांचा खेळ आहे, पोरीला काहून पाहिजे. आणि दुकानात लेडीज बोर्ड वेगळा का असते, नुसता गुलाबी रंग मारून जास्त पैसे तर घेत नाहीत ना?

उत्तर : काका, भावांना सांगा की हा खेळ सुरूच पोरींसाठी झाला. १९६५ च्या ख्रिसमसला अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या बापानं आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी बनवली, स्नर्फर तिचं नाव. पुढे १९९८ ला जपानमध्ये नागानोला स्नोबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये आलं. २०१८ ला चेक देशाच्या एस्टर लेडेत्स्कानं एकाच ऑलिम्पिकमध्ये स्कीइंगचं पण गोल्ड घेतलं आणि स्नोबोर्डचं पण. आणि आपल्याकडे गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होतात त्यात मुलींचं स्नोबोर्डिंग आहे.

गुलाबी रंगाची तुमची शंका अगदीच चुकीची नाही, काही कंपन्या तसं करतातही. पण चांगल्या लेडीज बोर्डमध्ये खरा फरक असते. कंबर अरुंद, कारण पाय लहान, आणि कमी वजनाच्या माणसाला वाकवता यावा म्हणून आतलं लाकूड आणि फायबरग्लास हलकं. ४५ किलोच्या पोरीच्या पायाखाली ८० किलोच्या माणसाचा बोर्ड दिला तर तो वाकतच नाही, आणि न वाकणारा बोर्ड वळत पण नाही. तुमच्या बागेत बारक्या पोराच्या हातात मोठी कुदळ दिल्यासारखं.

पण काका, बोर्ड आता घेऊ नका. १४ व्या वर्षी पोरगी अजून वाढतीची असते. पुढच्या डिसेंबरपर्यंत सगळं लहान झालं तर मग ती फळी माडीवर पडून राहील. त्या पैशात तिला नीट कोर्स करू द्या, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे, गुलमर्गला सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. आणि घ्यायचंच असेल तर हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घेऊन द्या. नवीन माणूस पडला की हात टेकवते, आणि नवशिक्यांचं सगळ्यात जास्त मनगटच मोडते. बोर्ड एक वेळ भाड्यानं मिळेल, मनगट नाही मिळत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय ३८, वजन ८२ किलो, पाय मोठा, २६.५ सेंटिमीटर. ऑनलाइन दुकानातला माणूस म्हणतो मॅडम तुम्ही लेडीजच घ्या, १५१ चा आहे. मला शंका वाटते.

उत्तर : तुमची शंका बरोबर आहे मॅडम, त्या माणसाकडे १५१ पडून असेल. बहुतेक लेडीज बोर्ड १५५ च्या आसपास संपतात आणि त्यांची कंबरही अरुंद, तुमचा बूट दोन्हीकडून बाहेर लोंबेल. तुम्ही सरळ पुरुषांचा बोर्ड पाहा, १५४ ते १५६, कंबर २५ सेंटिमीटरच्या आसपास, फक्त फ्लेक्स मधला किंवा मधल्यापेक्षा मऊ घ्या. बोर्डवर लेडीज लिहिलं आहे की जेंट्स हे बर्फाला वाचता येत नाही. बूट मात्र लेडीज पाहून घ्या, पोटरी खालपर्यंत उतरलेली असते आपली, तर लेडीज बुटाचा वरचा भाग तशा हिशेबानं कापलेला असते. एक बारीक गोष्ट अजून, बाइंडिंगचं साइज बुटावरून घ्या, बोर्डवरून नाही. मी एका मैत्रिणीला बोर्डसोबत मॅचिंग म्हणून लहान बाइंडिंग घेऊन दिली होती, पट्टा शेवटच्या दातावर पण लागत नव्हता, तिनं आठवडाभर माझ्याशी बोलणं सोडलं.

प्रश्न : एक मित्र परदेशातून परत येऊन राहिला, त्याच्या बायकोचा जुना बोर्ड अर्ध्या किमतीत देतो म्हणते. घेऊ का? आणि आमच्या चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात हे ठेवायचं कुठे? घराला टिनाचं छप्पर आहे.

उत्तर : घ्या, पण हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. खालची बाजू वर करा. रेघा-ओरखडे असतात, त्याचं काही नाही, पण खोल खड्डा पडून आतलं लाकूड दिसत असेल तर पाणी आत गेलं असणार. पूर्ण कडेवरून अंगठ्याचं नख फिरवा, वरवरचा गंज घासून जाते, पण कड तडकलेली किंवा उचललेली असेल तर सोडून द्या. टोकाला बोटानं टकटक करा, मटक्यासारखा पोकळ आवाज आला तर थर सुटलेले आहेत. बाइंडिंगच्या स्क्रूची भोकं तपासा, एक स्क्रू स्वतः लावून पाहा, नुसता फिरतच राहिला तर आटे गेले. तीन नंबरचा फुलीचा पेचकस लागते, तो सोबत घेऊन जा. आणि बेस, म्हणजे बर्फावर घसरणारी खालची प्लास्टिकची बाजू, सिंटर्ड आहे की एक्स्ट्रूडेड ते विचारा, हे तिचे दोन प्रकार. सिंटर्ड जोरात पळते पण वॅक्स, म्हणजे बोर्ड घसरावा म्हणून लावायचं मेण, पिते, वेळेवर पाजलं नाही तर कोरडा होऊन पांढरा पडते. एक्स्ट्रूडेड हळू, पण दुर्लक्ष सहन करते. वर्षातून आठ दिवस बर्फात जाणाऱ्यांनी एक्स्ट्रूडेडला नाक मुरडू नये. मित्राच्या बायकोचं वजन पण विचारा, म्हणजे मित्रालाच विचारा, थेट तिला नको.

टिनाखाली मात्र ठेवू नका. मी पहिल्या वर्षी ठेवला होता, आमच्या शेतातल्या खोलीत, कापसाच्या गंजीच्या बाजूला, पत्र्यापासून हातभर खाली आडवा बांधून. मे महिन्यात आई म्हणे वरून काहीतरी ठिबकून राहिलं. जाऊन पाहिलं तर वॅक्स पातळ होऊन कडेनं खाली उतरलेलं आणि त्याला सरकीचा कापूस चिकटून बोर्डला अक्षरशः दाढी फुटली होती. वॅक्सचं एक वेळ ठीक आहे, पण इतकी गर्मी रोज बसली तर आतले थर ज्यानं चिकटवले ते पण ढिलं पडते. म्हणून घरातली सगळ्यात थंड खोली, मातीची असेल तर उत्तम, जमिनीला न टेकवता, म्हणजे पावसाळ्यात ओल लागणार नाही. बाइंडिंग काढून ठेवा, निदान स्क्रू ढिले करा. कडा कोरड्या पुसून वर वॅक्सचा हात फिरवा, आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये लोखंडाचं काय होते ते विळ्याला विचारा.

खालच्या बाजूला जाड वॅक्सचा थर देऊन तसाच ठेवायचा, खरवडायचा नाही, पुढच्या डिसेंबरला खरवडायचा. त्यासाठी महागडी इस्त्री घ्यायची गरज नाही, जुनी साधी इस्त्री चालते, वाफेची भोकं नसलेली. तिच्यावर वॅक्सची कांडी टेकवून थेंब पाडायचे आणि हळूहळू फिरवायची, एका जागी थांबायचं नाही, धूर निघाला म्हणजे जास्त तापली. फक्त एक आहे, ती इस्त्री मग कपड्यांना नाही चालत. आमच्या बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीला जो पिवळा डाग आहे तो त्याच इस्त्रीचा, आणि ते अजून हळदीचा आहे असं समजतात.